पुष्कळ म्हणजे किती?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पाश्चात्त्य राजकीय विचारवंत शिकवतो. प्लेटोपासून निघालेली गाडी बेंथमपर्यंत येते तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो आणि वर्गही निम्मा रिकामा झालेला असतो. कोणी कापसात, कोणी धानात. जे उरतात त्यांना जागे ठेवायला बेंथमचा सांगाडा कामाला येतो. या गृहस्थाने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याप्रमाणे त्याचा सांगाडा त्याचेच कपडे चढवून खुर्चीत बसवला गेला आणि तो आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे, एवढे सांगितले की मागच्या बाकावरच्या माना वर येतात. मग मी फळ्यावर सूत्र लिहितो : जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख. खाली 'उपयुक्ततावाद' असे लिहून दोन रेघा ओढतो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने या दोन रेघांवर बोट ठेवले. नदीकाठच्या गावातली, घरी तेलुगू बोलणारी. इथल्या बहुतेकांची तीच गत. मराठी ही शाळेची आणि तहसील कचेरीची भाषा. ती म्हणाली, "सर, जास्तीत जास्त लोक म्हणजे किती? त्यात आपण धरले आहोत का?"

वर्ग हसला नाही. सगळ्यांना प्रश्न कळला होता.

बाहेरच्या वाचकासाठी भूगोल सांगायला हवा. सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याच्या गावाहून दोनशे किलोमीटरच्या वर. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता इथे गोदावरीला मिळते. पलीकडच्या तीरावर तेलंगणातले कालेश्वरम. संगमाच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन राज्यांत करार झाला, पाण्याची पातळी १०० मीटर ठरली, आणि २१ जून २०१९ रोजी ८५ दरवाज्यांच्या त्या बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. कालेश्वरम प्रकल्पातून तेलंगणात १८ लाख एकरांच्या वर नवी जमीन भिजेल, हैदराबादला प्यायला पाणी जाईल, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. बंधाऱ्याचे एक टोक सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीला टेकलेले आहे. पाणी अडले की ते मागे आणि बाजूला पसरते. इकडच्या काठची शेते त्यात गेली, २०२२ च्या जुलैत तर गावेच्या गावे पाण्यात उभी राहिली, आणि भरपाईसाठी इथे उपोषणे झाली. १८ लाख एकर एका बाजूला आणि आमच्या काठचे काही शे एकर दुसऱ्या बाजूला असा तराजू धरला, तर बेंथमला निकाल द्यायला फार वेळ लागू नये.

मी त्या मुलीला पुस्तकी उत्तर दिले. उपयुक्ततावादावर अमुक अमुक आक्षेप घेतले जातात, पैकी अल्पसंख्याकांकडे दुर्लक्ष हा एक. तिने ते वहीत लिहून घेतले. तिच्या प्रश्नाचे उत्तर ते नव्हते, हे तिलाही कळले असणार. त्यानंतर मी हे सूत्र जरा नीट वाचायला घेतले. ते कोणी, कशासाठी मांडले, आपल्या मुलखात ते कोणत्या वाटेने आले, मराठीत आल्यावर त्याचे काय झाले. तीसेक वर्षे शिकवलेल्या गोष्टीबद्दल इतके कमी माहीत असावे याची लाज वाटली, पण ते असो.

पहिली गोष्ट ही की सूत्र मुळात बेंथमचे नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचेसनच्या १७२५ च्या ग्रंथात ते जवळपास याच रूपात आहे. इटलीत बेकारियाने १७६४ मध्ये शिक्षाशास्त्रावर लिहिताना ते वापरले. बेंथमने १७७६ मध्ये ते उचलले आणि नीती व कायदा यांच्या तत्त्वांवरच्या, १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यामागचा विचार शास्त्रासारखा बांधून काढला. सुखाची मोजणी करायला त्याने सात मापे दिली : तीव्रता, कालावधी, खात्री, समीपता, त्यातून पुढे आणखी सुख उपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती लोकांपर्यंत पोचेल. पोरांना ही यादी पाठ करायला लावणारे आपण लोक एक गोष्ट सांगायला विसरतो, की हे सगळे कोणाविरुद्ध होते. त्या काळच्या इंग्लंडात किरकोळ चोरीला फाशी होती, कायदा जमीनदारांचा होता, आणि 'रूढी', 'निसर्गनियम', 'पूर्वजांचे शहाणपण' अशा भारदस्त शब्दांमागे मूठभरांचे हित लपलेले होते. मोजणीत प्रत्येक माणूस एकच, उमरावही एकच आणि मोलकरीणही एकच, हा बेंथमचा आग्रह त्या मूठभरांच्या अंगावर जाणारा होता. सूत्रातले 'पुष्कळ' म्हणजे तेव्हा गरीब होते. हे लक्षात घेतल्याशिवाय बेंथमला झोडपणे मला आता अन्यायाचे वाटते.

हेच सूत्र बोटीत बसून हिंदुस्थानात आले तेव्हा मात्र मोजणारे आणि मोजले जाणारे वेगळे झाले. बेंथमचा शिष्य जेम्स मिल याने हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा भलाथोरला इतिहास लिहिला. त्या पुण्याईवर त्याला १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरी लागली. मुलगा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिथेच चिकटला आणि १८५८ पर्यंत, म्हणजे कंपनीचे राज्य जाईपर्यंत, हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहीत राहिला. आपण ज्याला स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ म्हणून शिकवतो तो पस्तीस वर्षे आपला कारकून होता. बढती होत होत मोठा झालेला, पण कारकूनच. स्वातंत्र्यावरचे त्याचे पुस्तक १८५९ चे. त्यात सुरुवातीलाच एक अट आहे : हा सिद्धांत वयात आलेल्या माणसांना लागू आहे, लहान मुलांना नाही आणि 'मागासलेल्या' समाजांनाही नाही. त्यांच्यासाठी सुधारणेच्या हेतूने चालवलेली एकतंत्री सत्ता चालते.

आता आमच्या गावाच्या तारखा पाहा. १८६० मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये मिलचे उपयुक्ततावादावरचे लेख छापून आले. इथल्या डेप्युटी कमिशनर ग्लासफर्डच्या मेजावर तो अंक पडला होता असा माझा दावा नाही. पण त्या दशकात इथे जे काम चालले होते त्याला दुसऱ्या कोणत्या भाषेत समजून घ्यावे? सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून गोदावरी बोटींसाठी मोकळी करण्याची योजना निघाली. नागपूर-वऱ्हाडचा कापूस नदीने थेट समुद्राला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे : एक दुम्मागुडेमला, दुसरा सिरोंच्याखाली इंचमपल्लीला, तिसरा वर प्राणहितेत देवलमरीजवळ. ते कालवे काढून ओलांडायचे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. पुष्कळांच्या सुखाचा हिशेब जमत होता. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, नदीतून बोटी नेण्यात अर्थ उरला नाही, आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. काही तालुके मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. जिल्ह्याचे गाव होते ते टोकाचे गाव झाले, आणि १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला तरी टोकाचेच राहिले.

या साऱ्या हिशेबात काठावरचा कोया, माडिया किंवा तेलुगू कुणबी कुठे होता? मजूर म्हणून होता. सुखाच्या रकान्यात त्याला कोणी धरल्याचे मला दिसत नाही. मिलच्या अटीप्रमाणे तो वयात आलेला नव्हता.

मराठीत हे तत्त्वज्ञान आले ते मात्र वेगळ्या दाराने. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले, आणि १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मधून ते वापरले ते केशवपन, बालविवाह, सोवळे-ओवळे यांच्याविरुद्ध. रूढीला ऐहिक सुखदुःखाचा हिशेब विचारायचा : यातून माणसाचे सुख वाढते की कमी होते, ते सांगा. बेंथमचा मूळ डंख इथे जिवंत होता. विधवेचे दुःख मोजणीत धरा, एवढीच मागणी. आणि ती ऐकून पुण्याने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. लंडनच्या कचेरीतला उपयुक्ततावाद आणि आगरकरांचा उपयुक्ततावाद यांत हा फरक आहे. एक वरून मोजत होता, दुसरा ज्यांना मोजलेच नव्हते त्यांची नावे पटावर घालत होता.

डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये आगरकरांबरोबर १०१ दिवस काढलेले टिळक पुढे त्यांच्या विरुद्ध टोकाला गेले, आणि या सूत्राचा मराठीतला सर्वांत कसदार समाचार त्यांनीच घेतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये निघालेले 'गीतारहस्य' आपण घरात ठेवतो, वाचत नाही; वाचणाऱ्यांनाही त्यात हॉब्ज, मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन किती पानांत पसरले आहेत याचा अंदाज नसतो. 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात टिळक विचारतात, की नुसती डोकी मोजून नीती ठरते का? त्यांचा दाखला इंग्रज ग्रंथकाराला सुचलाच नसता : पांडवांचे सैन्य सात अक्षौहिणी, कौरवांचे अकरा. पुष्कळांचे सुख हीच कसोटी असेल तर न्याय अकरांच्या बाजूला जायचा. शाळकरी पोरालाही पटेल असा हा युक्तिवाद आहे. मी वर्गात तोच सांगतो, आणि तो चालतो.

पुढे टिळक जिथे जातात तिथे माझे पाय अडखळतात. बाह्य परिणाम मोजून भागत नाही म्हणून ते कर्त्याच्या बुद्धीकडे वळतात. समबुद्धीने केलेले कर्म शुद्ध. कांटचा आधार त्यांना इथे मिळतो, कारण कांटही १७८५ पासून हेच सांगत होता की कृतीचे मोल तिच्या फळात नसून संकल्पात आहे. पण कांटने त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट सांगितली होती : माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. टिळकांनी कांटची पहिली गोष्ट उचलली, दुसरीवर त्यांचा तेवढा भर नाही. ज्याच्या शेतात पाणी शिरते त्याला पाणी सोडणाऱ्याची बुद्धी सम होती की विषम, याने काय फरक पडतो? त्याला कांटचे दुसरे वाक्य हवे असते.

'पुष्कळ' या शब्दाबद्दल थोडे. मूळ इंग्रजी सूत्रात दोन्ही ठिकाणी 'सर्वाधिक' आहे. जुन्या मराठीत ते 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' असे रुळले, आणि त्यातला तो कमाल गाठण्याचा हट्ट गळून गेला. पुष्कळ म्हणजे फक्त पुष्कळ. त्यात कोणाला वजा करण्याची सोय नाही. शिवाय आकाशवाणीच्या बोधवाक्यामुळे 'बहुजनहित' आणि 'बहुजनसुख' हे बुद्धवचनातले शब्द आपल्या कानात बसलेले. त्यामुळे बेंथमचे सूत्र मराठी माणसाला ऐकताक्षणी ओळखीचे, प्रेमळ वाटते. भिक्खूंना लोकांच्या भल्यासाठी हिंडायला सांगणाऱ्या त्या वचनात बेरीज-वजाबाकी नाही. पाठ्यपुस्तकांनी पुढे 'जास्तीत जास्त' आणले, ते भाषांतर म्हणून अचूक आहे. त्या मुलीला प्रश्न पडला तो त्या अचूकपणामुळेच. 'पुष्कळ' म्हटले असते तर कदाचित पडला नसता.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर मी फळ्यावर सूत्र लिहायचे थांबलो. बेंथमने स्वतः आयुष्याच्या अखेरीस सूत्राची दुसरी बाजू काढून टाकली. त्याच्या ध्यानात आले, की समाजाचे दोन असमान भाग केले आणि मोठ्या भागाच्या सुखासाठी लहान भागाला लुबाडले, गुलाम केले, तर 'जास्तीत जास्त लोक' ही अट पाळली जाते, पण एकूण सुख वाढत नाही, उलट घटते. कारण लुबाडले गेलेल्याचे दुःख लुबाडणाऱ्याच्या सुखापेक्षा भारी असते. म्हणून त्याने नुसते 'सर्वाधिक सुख' ठेवले. ही १८२० च्या दशकातली दुरुस्ती. दोनशे वर्षे होत आली आणि आमची गाईडे अजून त्याने टाकून दिलेले वाक्यच त्याच्या नावावर छापतात. मीही तेच शिकवत आलो होतो. ती मुलगी जे विचारत होती ते म्हाताऱ्या बेंथमने स्वतःला विचारून झाले होते.

अर्थात दुरुस्तीने सगळे भागत नाही. बेरीजच करायची ठरली की एकाचे दुःख दुसऱ्याच्या सुखातून वळते करण्याची मुभा राहतेच. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये नेमका हा आक्षेप घेतला : एक माणूस आज दुःख सोसून उद्याचे सुख मिळवतो ते ठीक, पण समाज म्हणजे एक माणूस नव्हे, इथे सोसणारा वेगळा आणि मिळवणारा वेगळा असतो. १९७३ मध्ये इंग्लंडच्या बर्नार्ड विल्यम्सने एक उदाहरण रचले. दक्षिण अमेरिकेतल्या एका गावात वीस आदिवासी भिंतीशी उभे केलेले आहेत. तिथे पोचलेल्या परक्या पाहुण्याला लष्करी कप्तान म्हणतो, तू एकाला गोळी घाल, मी एकोणीस सोडतो. नाही तर वीसही जातील. युरोपात हे तत्त्वज्ञानाच्या वर्गातले कोडे आहे. गडचिरोलीत मी ते एकदाच सांगितले. वर्गात कोणीही काही बोलले नाही, आणि त्यानंतर मी ते सांगत नाही.

मराठीत या साऱ्याची दखल घेणारे लोक होते. मे. पुं. रेगे यांचा पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास, दे. द. वाडेकरांनी संपादलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश', विदर्भातच आयुष्य काढलेल्या दि. य. देशपांड्यांनी १९९० मध्ये नागपुरातून आगरकरांचे नाव जागवत काढलेला 'आजचा सुधारक'. माझ्यासारख्याला युरोप दिसला तो याच खिडक्यांतून. पण मला त्या मुलीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा विचार सापडला तो आंबेडकरांकडे, आणि तोही इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेल्या खंडात. 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' हे त्यांचे हस्तलिखित महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात छापले. धर्माचे परीक्षण करायला त्यांनी त्यात दोन कसोट्या घेतल्या आहेत : उपयुक्तता आणि न्याय. त्या कुठून आल्या हे सांगताना ते इतिहासाचा एक आराखडा मांडतात. प्राचीन जगात केंद्रस्थानी समाज होता, म्हणून तिथे समाजाला उपयोगी ते चांगले ही कसोटी होती. आधुनिक जगात केंद्र व्यक्तीकडे सरकले आणि कसोटी न्यायाची झाली. म्हणजे आपण ज्याला युरोपचे आधुनिक तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो त्या उपयुक्ततेला आंबेडकर जुन्या जगाच्या खात्यात टाकतात. कोलंबियात ड्यूईसमोर बसलेल्या माणसाला बेंथम माहीत नव्हता असे कोण म्हणेल? ज्याच्या जातीला गावाच्या सोयीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले होते, त्याला 'सर्वांच्या सोयीचे' या शब्दांचा वास लांबूनच येत असणार.

आमच्या जिल्ह्यात याच प्रश्नाला पुस्तकाबाहेर हात घातला गेला आहे. १९८० च्या दशकात, कॉटनच्या वेळी जिथे खडकांचा अडथळा होता त्याच इंचमपल्लीला, आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणमला, मोठी धरणे यायची होती. तेव्हा बाबा आमट्यांसह 'जंगल बचाओ, मानव बचाओ' म्हणत लोक उभे राहिले. बुडणारे थोडे होते, पाणी मिळणारे पुष्कळ होते. तरी ती धरणे तेव्हा झाली नाहीत. आणि धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) : या गोंड गावाची ग्रामसभा मतमोजणी करत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आले. मोजदादीने निर्णय घेतला की कोणीतरी हरलेला उरतो, म्हणून मोजायचेच नाही. मी हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, गाव लहान आहे म्हणून जमते, दोन राज्यांत कसे जमणार?" त्याचे बरोबर आहे. दोन राज्यांचा करार ग्रामसभेच्या पद्धतीने झाला असता तर अजून बैठकच चालू असती.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडीगड्ड्याचे काही खांब खचले आणि अडवलेले पाणी सोडून द्यावे लागले. पलीकडच्यांचे सुखही तेव्हापासून अडकले आहे. बेंथमच्या सात मापांत 'खात्री' हे तिसरे माप आहे. ते कोणी कसे लावले होते, हा अभियंत्यांचा विषय.

ती मुलगी पदवी घेऊन गेली. यंदाच्या वर्गाला मी फळ्यावर सूत्र न लिहिता आधी सात मापे दिली आणि आपापल्या गावातला एखादा रस्ता, तलाव किंवा खाण घेऊन हिशेब करून आणायला सांगितले. चौदा जणांनी आणला. सातव्या मापापाशी, किती लोकांपर्यंत पोचेल, या रकान्यात नऊ जणांनी आधी आपल्या गावाची लोकसंख्या लिहिली होती आणि मग बाकीच्यांची. हे मी सांगितले नव्हते. आता आंबेडकरांची पाने वाचतो आहोत, इंग्रजीतून, शब्दकोश मध्ये ठेवून. मराठी अडले तर पोरे आपसात तेलुगूत बोलून घेतात. उपयुक्ततेची कसोटी संपत आली आहे. न्यायाची दिवाळीच्या सुट्टीनंतर घेऊ, असे ठरले आहे.